मामांचं थंड

खोडदहून मामेभावाचा फोन आला, मामा गेले म्हणून. वय झालं होतं, हृदयाचंही दुखणं होतं. अचानक झालं असं म्हणता येणार नाही. तरी फोन ठेवला आणि रडू काही आवरेना... वडील लवकर गेल्यावर मला वाढवलं ते मामांनीच.

मामा माळकरी. दारूचा थेंब नाही, मटणाचा वासही नाही. त्यामुळे एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांच्या पायाचा अंगठा टरारून सुजला आणि डॉक्टरांनी गाऊट सांगून दारू-मटण बंद केलं, तेव्हा मामांना हसूच आलं. "सायेब, जे कदी धरलंच न्हाई ते सोडू कसं?" त्यांचं वेड एकच, थंड. बाटलीतलं गोड, रंगीत, नाकात झिणझिण्या आणणारं. जोडीला उसाचा रस. त्यात कसलं आलंय पाप? कोणी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही.

शिनोलीला माझं लग्न ठरलं, पत्रिका वाटायला अर्थातच मामा. आमच्याकडे पत्रिका घेऊन आलेल्याला कोरड्या तोंडानं कोणी पाठवत नाही, आणि त्यानं नको म्हटलं तर त्या घरचे लग्नाला येतील का, शंकाच. भर उन्हाळा, त्यात मामांचा मान मोठा. घरोघर चहाऐवजी बाटली फुटली. मामांनी एकाही घराला नाराज केलं नाही. हळदीच्या दिवशी अंगठा लालबुंद, चादर लागली तरी कळवळायचे. नवरीला बोहल्यावर न्यायचं मामानं. "धाकट्या मामाला उभा करा," कुणीतरी सुचवलं. मी सांगून टाकलं, हे मामा नसतील तर मी जागची हलणार नाही. भटजींनी पुकारा केला, तसे मामा माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, दातओठ खात निघाले. "आगं, मामा भाचीला नेतोय का भाची मामाला?" एक बाई ओरडली आणि अख्खा मांडव हसला. मी रडत होते.

त्यानंतर नारायणगावच्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, "दिवसभरात पिता काय काय?" ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. दारू-मटणासारखंच हे गोड पाणीही गाऊट वाढवतं, म्हणाले. गोळ्या चालू झाल्या. थंड, सरबत, रस बंद. पाणी भरपूर, ताक, दूध, चहा चालेल, पण साखरेवाचून. मामी तर पोलीसच झाली. कार्यात कोणी बाटली पुढे केली की लांबूनच ओरडायची, "ओ पावणं, त्यान्ला ताक द्या!" मामा चिडायचे, पण ताक प्यायचे. दुखणं पुरतं गेलं नाही, तरी माझ्या धाकट्या बहिणीला मात्र मामांनी ताठ चालत बोहल्यावर नेलं.

दशक्रियेला नदीवर पिंडापाशी त्यांच्या आवडीचं ठेवायची वेळ आली. मामेभावानं लाडू ठेवला, चिवडा ठेवला आणि पिशवीतून थंडाची बाटली काढली. "लई वर्सं मन मारलं दादांनी. आता तरी पिऊ द्या." सगळ्यांना पटलं. मलाही. मामी पुढे झाली आणि तिनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"न्हाई रं बाळा... पाय ठणकंल त्यांचा."

भावानं कुणाला तरी ताक आणायला घरी पिटाळलं.