लांब नळी, आखूड नळी

कुठलीही वस्तू हातात दिली की डॉक्टर आधी डोळे मिटायच्या. तळहातावर ती वस्तू घेऊन दोनदा वरखाली झुलवायच्या आणि मग निकाल द्यायच्या. "तोंडाला जड हाय." नाहीतर, "बुडाला जड हाय." लाटणं असो, छत्री असो, क्रिकेटची बॅट असो, निकाल दिल्याशिवाय वस्तू खाली ठेवायच्या नाहीत. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चहाचा कपसुद्धा असाच तोलून पाहिला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पावणं, कपाचा कान लई बारीक हाय. बोट जात न्हाय माझं."

नवरा खळखळून हसला. ते कप मी हौसेनं आणले होते. दुसऱ्या दिवसापासून तो स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती खोलीत आली की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. आपण त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथं बसलेलो असतो, पण ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मी कोल्हापुरात एका शाळेत गणित शिकवते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि सकाळी घर सुनं वाटायला लागलं, तेव्हा मी नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. रेंज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. दहा मीटरवर कागदी टार्गेट, हातात छर्ऱ्याचं एअर पिस्तूल. चाळिशी ओलांडलेली मी एकटीच बाई. हळूहळू हात बसला. आमचे सर मोजकं बोलणारे, पण नवीन कुणी आलं की त्याला माझ्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, "श्वास कसा सोडतात ते बघ." मला तेवढं पुरत होतं.

मग डॉक्टर आल्या. जनावरांच्या सरकारी डॉक्टर. बदली होऊन कागलकडच्या एका गावात दवाखान्यावर रुजू झालेल्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, मनगटं मात्र कुस्तीगिरासारखी, आणि आवाज रस्त्यापलीकडे पोचणारा. अंगाला डेटॉल आणि पेंडीचा वास. आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून मी त्यांना 'तुम्ही' म्हणत आले आणि त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'तू' केलं.

त्यांचा पहिलाच छर्रा टार्गेट सोडून पाठीमागच्या लाकडात घुसला. रेंजवर आम्ही कुणी मोठ्यानं बोलत नाही. डॉक्टर मात्र हसत सुटल्या.

"म्हशीला सुई मारताना बरा बसतोय की नेम माझा! तिला बांधून घालत्यात म्हणून असंल."

सगळी शेड हसली. सर हसले. इतक्या दिवसांत सरांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

वर्षभरात त्या माझ्या बरोबरीला आल्या. मी एकेक गुण मिळवायला महिने घालवलेले. त्या गोठ्यातून थेट यायच्या, हात धुवायच्या, मारायच्या, चहा प्यायच्या आणि दुसऱ्या गोठ्यात जायच्या. सर आता नवीन पोरांना त्यांच्या मागे उभं करायला लागले. मी घरी येऊन भांडी जरा जोरात आपटली असतील.

त्याच सुमारास क्लबचं जुनं पिस्तूल हवा धरेनासं झालं. आम्ही दोघींनी स्वतःचं घ्यायचं ठरवलं. तेव्हा बाजारात एक नवं पिस्तूल आलं होतं. तेच यंत्र, तीच अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पण दोन मापांत. एक लांब नळीचं आणि एक आखूड. इचलकरंजीचा एक विक्रेता दोन्ही नमुने घेऊन रेंजवर आला, आणि त्या दिवसापासून शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय उरला नाही.

मी लांब नळीच्या बाजूची. पिस्तुलाच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. खाचेतून माशी बघत नेम धरायचा. दोन्हींतलं अंतर जितकं जास्त, तितकी हाताची चूक डोळ्याला लवकर दिसते. मी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कडेला दोन त्रिकोण काढून हे सगळ्यांना समजावून सांगितलं.

डॉक्टरांनी त्रिकोण बघितले. "बाई, कागदावरचा त्रिकोण थरथरत न्हाय. माझा हात थरथरतोय. लांब नळी म्हंजी तोंडाला वजन. शेवटाला हात गळाटला की तुझा त्रिकोण येणार हाय व्हय धरायला?"

"आखूड नळी चूक लपवते, डॉक्टर. चुकलेलं कळतच नाही."

"मग ग्वाड की! दिसभर लोकांच्या चुका बघतो मी. हितं तरी नको."

टपरीवर हशा. पुन्हा त्यांच्या बाजूनं.

मी म्हटलं, "सगळे मोठे नेमबाज लांबच वापरतात."

"ती समदी लांबच असत्यात अंगानं. माझ्याकडं बघ की जरा. पिस्तूल माझ्या हातात पायजे, मी पिस्तुलाच्या हातात न्हाय."

हा वाद आठवडेच्या आठवडे चालला. रेंजवर दोन तट पडले. मी उंच, त्या बुटक्या, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटायचं की दोघींचंही आपापल्या परीनं बरोबर आहे. मला तसं नको होतं. मला माझं एकटीचं बरोबर हवं होतं.

शेवटी मी लांब नळीचं घेतलं, त्यांनी आखूड नळीचं. मी आठवडाभर बारीक पॉलिश पेपरनं मूठ घासून माझ्या तळव्यापुरती करून घेतली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांचे गुण घसरले. एकदा घसरले, दोनदा घसरले, मग घसरतच राहिले. त्या दिवसांत माझी झोप फार छान होती. शाळेतल्या पोरांनाही मी कमी ओरडत होते.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं, माझ्याजवळ आल्या आणि हात पुढे केला.

"दे बघू तुझं."

नाही कसं म्हणणार? त्यांनी माझ्या पिस्तुलानं दहा छर्रे मारले. तारेवरून टार्गेट सरकत पुढे आलं. सगळी भोकं मधल्या काळ्या ठिपक्यात एकमेकांत मिसळलेली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

डॉक्टरांनी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "बाईचंच खरं हाय! मी उगंच भांडलो इतकं दिस. लांब नळीच चांगली!"

हे वाक्य ऐकायला मी किती दिवस टपून बसले होते! आणि ऐकलं तेव्हा ते माझ्या काही कामाचं नव्हतं. कारण त्याच लांब नळीनं मी स्वतः तसे दहा कधीच मारले नव्हते. वाद मी जिंकला होता आणि टार्गेट त्यांच्या हातात होतं. हरल्याचं त्यांना काडीचं वाईट वाटलं नव्हतं. मी नवऱ्याशी झालेल्या वादात अर्धा शब्द मागे घेत नाही. त्या मात्र आपला सबंध वाद चार माणसांत हसत टाकून मोकळ्या झाल्या. मला त्या गुणांपेक्षा या हसण्याचा जास्त हेवा वाटला.

त्याच मोसमात माझा उजवा खांदा धरला. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना कळ यायची. राज्य स्पर्धेसाठी आमच्या वयाच्या गटात जिल्ह्यातून एकीचीच जागा होती आणि निवडचाचणी तोंडावर आली होती, म्हणून मी कुणाला बोलले नाही. एक दिवस सराव चालू असताना डॉक्टर मागून आल्या आणि त्यांनी अंगठा बरोबर दुखऱ्या जागी रोवला. मी किंचाळले.

"कवापास्नं?"

"काही नाही. असंच."

"जनावर परवडलं. दुखलं तर पाय तरी झाडतंय. माझं पिस्तूल घे. तोंडाला हलकं हाय, तुझा खांदा वाचंल. निवड होईस्तोवर तुझं मी घेतो."

तर असं आहे, मी मनात म्हटलं. माझ्या पिस्तुलावर डोळा आहे आणि निमित्त माझ्या खांद्याचं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "किती जीव आहे बघ डॉक्टरांचा तुझ्यावर." त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पण खांदा खरंच वर जात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पिस्तूल बदलून घेतलं. थोड्या वेळानं वळून बघते, तर डॉक्टर बाकावर बसून, जनावरांचे खूर घासायच्या कानशीनं माझ्या पिस्तुलाची मूठ घासत होत्या. भुसा उडत होता.

"अहो, काय करताय!"

"अंगठ्याला टोचतंय."

"ते माझं आहे, डॉक्टर!"

"व्हय की. आन् ते माझं हाय," माझ्या हातातल्या पिस्तुलाकडं मान हलवत त्या म्हणाल्या आणि कानस पुढे केली. "धर. तू बी घास."

मी घासलं. रागानं घासलं, त्यांना वाईट वाटेपर्यंत घासायचं म्हणून घासलं. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट त्या वाकून बघत म्हणाल्या, "तळव्याखाली अजून घे थोडं, तुझा हात लांबट हाय." मी थोडं घेतलं. मूठ माझ्या हातात अशी बसली, जशी माझी स्वतःचीही कधी बसली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

निवडीत डॉक्टर पहिल्या आल्या, मी दुसरी. जागा त्यांना मिळाली. माझे आजवरचे सगळ्यात चांगले गुण मी त्या दिवशी मारले होते, तेही ज्या आखूड नळीच्या विरोधात मी महिनोन्‌महिने भांडले होते तिनं. पण माझ्या टार्गेटकडे बघायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. सगळी माणसं डॉक्टरांभोवती. त्या गर्दीतून वाट काढत डॉक्टरच आल्या. "बाई, किती झालं?" मी आकडा सांगितला. त्यांनी आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घातला, तो नेमका त्याच खांद्यावर.

निवड झाल्यावर पिस्तुलं परत करायचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. राज्य स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळालं. आमच्याकडे अशा वेळी चौकात फ्लेक्स लागतो, तसा लागला. भलामोठा. डॉक्टर नेम धरून उभ्या, खाली अभिनंदन करणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो. त्यांच्या हातात माझं पिस्तूल. मी शाळेला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. वर्गातल्या पोरांनी तरीही विचारलंच, "बाई, त्या पदकवाल्या डॉक्टर तुमच्या मैत्रीण ना?"

डॉक्टर टपरीवर म्हणाल्या, "तोंड माझं, पिस्तूल तुझं. निम्मा फोटो तुझा लावायला पायजे हुता. मी बोललो त्या फ्लेक्सवाल्या पोरांना, ऐकत्यात कुठं!"

पुढे वाऱ्यानं तो फ्लेक्स फाटला. डॉक्टरांचं डोकं गेलं, हात आणि पिस्तूल बरेच दिवस लटकत राहिलं.

आणि मग त्यांची बदली झाली. दूर मराठवाड्यात. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, जसं एखाद्या गाईचं दूध आटल्याचं सांगावं तसं. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हलकं वाटलं. आता सकाळी शेडमध्ये शांतता असेल, असं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या माझं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. "हे तुझं तुला."

मी हातात घेतलं. मुठीवर त्यांच्या अंगठ्याची खोलगट जागा झाली होती. माझी बोटं कुठंच बसेनात.

"ठेवा तुम्हालाच. माझ्या हाताला आता ते येत नाही."

डॉक्टरांनी पिस्तूल पुन्हा टॉवेलात गुंडाळलं, हळू, एखादं वासरू पुसावं तसं. म्हणाल्या, "मग माझं तुला र्‍हाऊ दे. खांदा शेकत जा."

त्या गेल्या आणि मला हवं होतं ते सगळं मिळालं. सरांचं लक्ष मिळालं. पुढच्या वर्षी जिल्ह्याची जागाही मिळाली. मध्यंतरी आणखी एक नवं पिस्तूल बाजारात आलं, विजेवर चालणाऱ्या चापाचं. टपरीवर विषय निघाला तेव्हा मी माझं मत सांगितलं. सगळ्यांना पटलं. "बाई म्हणतात ते बरोबर आहे," म्हणाले आणि उसाच्या दरावर बोलायला लागले. एवढ्या लवकर संपलेला वाद मी त्या बाकावर कधी पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी फोनवर एक फोटो पाठवला. दवाखान्याची गोदामवजा खोली, भिंतीला पेंडीची पोती, पलीकडच्या टोकाला कागदी टार्गेट. पदर खोचलेल्या पाच-सहा बायका रांगेत उभ्या. सगळ्यात पुढे एक सडपातळ, उंच बाई, आणि तिच्या हातात माझं लांब नळीचं पिस्तूल. डॉक्टर तिच्या इतक्या जवळ उभ्या की हनुवटी तिच्या दंडाला टेकलेली, तोंड उघडं. ओरडत असणार. खाली लिहिलं होतं, "हिचा हात तुझ्यागत हाय."

मी तो फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. कशावरून माझ्यासारखा? त्या रांगेतल्या एकेका बाईचा मला असा काही राग आला की विचारू नका. त्यांना रोज सकाळी डॉक्टर मिळतात. फुकट मिळतात.

मी उत्तर लिहिलं, "तिचं मनगट ढिलं आहे."

लगेच उलट उत्तर आलं, "मग ये की सांगाय."

शाळेला सुट्टी लागायला अजून अवकाश आहे. पण काल मी मोठी बॅग माळ्यावरून काढली आणि पिस्तूल तिच्यात ठेवून पाहिलं. आखूड नळीचा हा फायदा आमच्या एवढ्या भांडणात कुणीच मांडला नव्हता. साड्यांच्या दोन घड्यांमध्ये ते अगदी अलगद मावतं.