दुपारचा उंचवटा

आमच्या शेडमध्ये आरसे बनतात, पण किस्से जास्त बनतात. आरशाला वर्ष लागतं, किस्स्याला एक चहा पुरतो.

शेड गोव्यात, पाळी गावात आहे. पूर्वी इथे खनिजाचे ट्रक दुरुस्त व्हायचे, आता बाहेरच्या अंगणात दुर्बिणीचा नमुना उभा आहे. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ऊब आकाशात सगळीकडून येते, ती टिपणारी दुर्बीण. डिझाइन गावस सरांचं, ते मूळचे पेडण्याचे. चाचणीत पास झालं तर लडाखला मोठी दुर्बीण उभी राहणार, नाही तर सरांचं निम्मं आयुष्य कपाटात. मी त्यांची असिस्टंट.

*

आमचा वेल्डर बाबलो. त्याचे मामा डिचोलीहून मुद्दाम चंद्र बघायला आले. दुर्बिणीभोवती फेरी मारून म्हणाले, "दोळो खंय लावप?"

"दोळो लावपाचोच न्हय," सर म्हणाले. "ही ऊब मेजता."

"मागीर ताका थर्मामीटर म्हणात न्ही!"

सर हसले नाहीत. बहुतेक त्यांना ते पटलं होतं.

*

या दुर्बिणीची भिंगं पांढऱ्या प्लास्टिकची असतात. एकदा नमुन्याची चकतीच गायब. शोधत स्वयंपाकघरात गेलो, तर आमच्या सुलोचनाबाय तिच्यावर बांगडे कापत होत्या.

"बोर्ड बरो आसा सर, निसरना."

सरांनी चकती धुतली आणि सुरीचे चरे उजेडात निरखले. भिंगावर बारीक चरे पाडले की परत फिरणारे किरण कमी होतात, हे खरंच आहे. चकती ठेवत म्हणाले, "चरे समान अंतराचेर जाय आशिल्ले. फुडल्या खेपे मेजून कापात."

*

जमिनीची ऊब आत शिरू नये म्हणून दुर्बिणीभोवती पत्र्याचं उंच कुंपण आहे. चाचणी चालू असताना कुंपणात पाऊल टाकायचं नाही, हा सरांचा कडक नियम. "मनीस म्हणल्यार पेटिल्लो दिवो," असं ते अंगाच्या उबेबद्दल सांगतात.

बाबलो एकदा विसरलेला पाना आणायला गुपचूप आत गेला. शेडमधल्या स्क्रीनवर आलेख उडाला, आणि सर बसल्या जागेवरून ओरडले, "बाबलो, भायर यो!"

तेव्हापासून बाबलो कुंपणाजवळून जाताना पोट आत घेतो.

*

तपासणीला पुण्याची माणसं सोमवारी यायची होती, आणि आलेखात रोज दुपारी एक उंचवटा येत होता. जेवणानंतर सुरू, चहाच्या आधी गायब. उन्हाची ऊब आरशाच्या कडेवरून आत सांडते, असा सरांना संशय. रोज संध्याकाळी ते आलेख बघायचे आणि आरशाचं गणित पुन्हा मांडायचे. जेवण निम्म्यावर आलं. "चूक म्हजी आसत जाल्यार आतांच कळूं," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आमच्यापैकी कोणी आत जात असेल, म्हणून त्यांनी दुपारी सगळ्यांना घरी पाठवायला सुरुवात केली. "कोण नाका. हांव एकटोच आलेख पळयतां." उंचवटा तसाच.

शुक्रवारी डबा विसरला म्हणून मी भर दुपारी परतले. आमच्याकडे त्या वेळी दुकानंसुद्धा झोपतात. शेडचा पत्रा तापला होता. सर कुठेच दिसेनात. स्क्रीनवर उंचवटा चढत होता, आणि कुंपणाचं दार अर्धवट उघडं होतं.

आत पश्चिमेच्या पत्र्याची छान सावली पडली होती. सावलीत चटई, चटईवर सर, तोंडावर रुमाल.

मी चहा केला. कप आणि आलेखाचा ताजा प्रिंट त्यांच्या उशाशी ठेवून निघून गेले.

सोमवारी तपासणीच्या बाईंनी नवे आलेख जुन्यांशेजारी ठेवून दोनदा बघितले. "दुपारचा उंचवटा साफ गेलाय. ऑप्टिक्समध्ये नेमकं काय बदललंत?"

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे.

"चटई," म्हणाले.