दोन्या तोमासाचा अंगठा

"माझ्या राण्यांनोऽऽ, सुप्रभात!"

फोनमध्ये निरोप बोलायला लागली की रुफिनाचा आवाज असा साजूक व्हायचा, जणू टीव्हीवर बातम्या सांगायलाच जन्मली बाई. मदेरा गावात द्राक्षं भरायच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत परदेशातून आलेल्या मजूर बायका तिची हुबेहूब नक्कल करायच्या, "राण्यांनोऽ, कोक कमी प्याऽऽ!" आणि हसून लोळायच्या. पण ऐकायच्या. दवाखान्याची आरोग्यसेविका म्हणून तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरेक बायका जमवल्या होत्या. डॉक्टरांचं इंग्रजी त्यांच्यापर्यंत स्पॅनिशमध्ये पोचायचं ते हिच्याच तोंडून.

निरोप कसलाही असो, त्याखाली 'बरं'चा पहिला अंगठा दोन्या तोमासाचा, म्हणजे तोमासाबाईंचा. "शिका जरा दोन्याकडून!" असा टोमणा रुफिना बाकीच्यांना मारायची.

शनिवारी तपासणीची गाडी चर्चच्या अंगणात लागली. तोमासा आली. महिनाभर तिला धूसर दिसत होतं, रक्तातली साखर बघायची होती. हातात फडक्यात बांधलेले मक्याच्या पिठाचे गरम तामाले.

"काही खाल्लंत का?" नर्स ग्रिसेल्दानं तोंडाकडे बोट नेत विचारलं.

तोमासानं हसून दोन बोटं दाखवली आणि एक तामाल तिच्यापुढेही धरला.

"अहो, उपाशीपोटी यायचं होतं! तीनदा निरोप गेलाय. आता पुढची गाडी सहा आठवड्यांनी."

तोमासा गोंधळून बाजूला उभ्या रुफिनाकडे वळली आणि मिश्तेको या आपल्या आदिवासी बोलीत म्हणाली, "पोरी, माझं काय चुकलं? मला का घालवताहेत?"

रुफिनाला शब्दन्‌शब्द कळला. तिच्या आईचीच भाषा. नऊ वर्षांची असताना शाळेत पोरं "ए बुटके, ए वाहाकीता!" असं गावंढळ आदिवासी म्हणून हिणवत मागे लागली, तेव्हापासून तिनं ती गिळून टाकली होती. नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

"काय म्हणतात गं त्या? तुला येतं?" ग्रिसेल्दानं विचारलं.

"छे गं, मला कुठलं यायला!" रुफिना म्हणाली. वर हसलीसुद्धा.

तोमासा फडकं आवळून निघून गेली.

रविवारी रुफिनानं सगळे जुने निरोप वर सरकवून पाहिले. प्रत्येकाखाली तो अंगठा. सही न येणारा माणूस कागदावर उठवतो ना, तसला, स्पॅनिश न कळताच उठवलेला अंगठा होता तो, आणि ती त्याला होकार समजत आली होती. असे आणखी किती असतील? तिनं बटण दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मिश्तेकोत बोलली. उपाशीपोटीला शब्दच सापडेना. "पाण्याशिवाय... तोंडात... काही घालायचं नाही." आवाजातला साजूकपणा कुठल्या कुठे गेला.

पहिल्यांदाच तोमासाचा आवाज आला. "अगं, लहान पोरीसारखी बोलतेस!" ती खुदकन हसली. मग तिला उमगलं. "म्हणजे काल तुला कळत होतं."

"कळत होतं," रुफिनानं कबूल केलं. "उद्या शहरातल्या दवाखान्यात नेते तुम्हाला. मीच बोलेन तुमच्या वतीनं."

मग तोमासा म्हणाली, "ये. पण तिथं, लोकांसमोर, माझ्याशी आपल्या भाषेत बोलशील ना?"