हरवलेल्या बालनटीचा शोध

या वयात माणसानं शहाणं असावं म्हणतात. माझ्याकडून ती अपेक्षा नका ठेवू! काय घोळ घातला ते सांगतो. आधी हातातली कॉफी खाली ठेवा, सांडाल.

मी जुन्या सिनेमांचा इतिहास शोधतो. ना संस्था, ना पगार. आमच्या पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, तरी घरात जुनी मराठीच. कुंभकोणमच्या घरात बसून कागद उकरायचे आणि दर शुक्रवारी मराठी वाचकांसाठी इंटरनेटवर लेख टाकायचा. वाचक मोजकेच, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारे. तेवढीच आमची इस्टेट.

तर गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला आणि मालकानं एक खोकं मला दिलं. आत मूकपटांच्या जाहिराती! आणि तळाशी एका चिमुरडीचा फोटो. रेशमी परकर, मागे आरसा, आरशात फुलांनी गुंफलेली लांबलचक वेणी. पडद्याआडून आलेल्या एका हातानं तिचा दंड धरलेला. आणि डोळे? पाण्यानं डबडबलेले!

झालं! मी ठरवून टाकलं, ही मूकपटातली विस्मृतीत गेलेली बालनटी.

लेख लिहिला. ‘आरशातून दिग्दर्शक तिचं दुभंगलेलं मन दाखवतो.’ ‘तो हात नियतीचा आहे.’ वाचक वेडे झाले हो! कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी तर तिच्या वेणीवर कविता करून पाठवली. मग काय, मी दुसरा भाग लिहिला, तिसरा लिहिला. शेवटी आवाहन केलं: या अभिनेत्रीबद्दल कुणाला ठाऊक असल्यास कळवावे.

कळवलं की! पट्टीश्वरम्‌हून बस पकडून माझी थोरली बहीण, अक्का, दारात हजर. नातीनं तिला फोनवर लेख वाचून दाखवला होता, फोटोसकट.

“कां रे, कोणास शोधतोस?”

“एक नटी आहे अक्का. फार थोर.”

“थोर? अय्यो! तूंच रे तो!”

मी हसलो. ती हसली नाही.

“स्वामीमलैच्या देवळांत तुझें जावळ काढायचें होतें. आदले दिवशीं अम्मानें परकर नेसवला, गंगावन लावून वेणी घातली. अस्के पोरांस, एकूणएक पोरांस घालतात की! ठाऊक नाही तुज?”

ठाऊक होतं हो! आमच्याकडे घरोघरी भिंतीवर असा फोटो असतो. केस जाण्याआधी मुलाला एकदा वेणी, आणि ती दिसावी म्हणून मागे आरसा. पण हा सिनेमाच्या जाहिरातींत सापडला ना, मग कसली चालतेय अक्कल!

“आणि हा हात?” मी शेवटचा गड लढवत होतो.

अक्कानं आपली वाकडी करंगळी माझ्या नाकासमोर नाचवली. मग फोटोतल्या हाताची दाखवली. तीच करंगळी!

“तूं पळत होतास. मीच धरून ठेवलें.”

“मग ते अश्रू?”

“वेणी टोचली म्हणून! स्टुडिओ डोईवर घेतलास. शेवटीं परकर भिजवलास तो वेगळाच.”

गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण मग वाचकांना तोंड कुठल्या तोंडानं दाखवायचं? शुक्रवारी लिहून टाकलं: ‘अभिनेत्री सापडली. प्रकृती ठणठणीत. डोक्यावर पूर्ण टक्कल असून प्रस्तुत लेख तिनंच लिहिला आहे.’

वाचक पोट धरून हसले. सोडून एकही गेला नाही. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

फक्त कोल्हापूरहून एका ओळीचं उत्तर आलं: ‘कविता परत पाठवावी.’