खोडलेलं पान
खोडरबराचा वास आला की मला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या घराचा लाकडी डेक आठवतो, दोन हजार पाचच्या डिसेंबरच्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या, कडक उन्हात तापलेला. सैन्यातून निवृत्त झालेले बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, बॉटनी डाउन्स या उपनगरात, आले होते, आणि मी आणून दिलेल्या युद्धकादंबरीतलं एक अख्खं पान त्यांनी पेन्सिलीने खोडलं होतं. त्या पानावर नायक पोटात गोळ्या लागून हसत हसत मरतो. "बाबा, पुस्तक लायब्ररीचं आहे!" म्हणत मी चिडून रेघा पुसायला लागलो, तर त्यांनी माझा हात दाबून धरला. "हसत नाही रे कुणी. लढाईत माझ्या जोडीदाराचं पोट फाटलं होतं. आतडी हाताने आत कोंबत सरपटत होता, देवाला, मला, सगळ्यांना शिव्या घालत होता. पडून राहा म्हटलं, तर कडकडून चावला मला. मरायचं नाही म्हणाला. उजाडेपर्यंत मेला नाही. त्याच्याएवढा शूर मी पाहिला नाही." बोलताना ते मनगटावरचा व्रण चोळत होते. लहानपणी आम्हाला तो कुत्रा चावल्याचा आहे असं सांगितलं होतं. मी रबर खाली ठेवलं आणि पुस्तक तसंच परत केलं. पुढे बाबा गेले, त्यांना शेवटची आंघोळ घालताना मी ते मनगट धुतलं. त्या माणसाचे चार दात अजून घट्ट धरून होते.