टँकरची पहिली पाळी

नेकनूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं दिसू लागली. धारूरच्या डोंगराखालचं एक गाव पाहायला मी साताऱ्याहून निघाले होते. तिथे टँकरचं पाणी वाटायचं काम सरकारने गावच्या दूध सोसायटीकडे सोपवलं होतं. आमच्या माणदेशात तसं जमेल का, हे पाहून यायला पाणीपुरवठ्याच्या सरकारी ऑफिसने मला धाडलं होतं.

सोसायटीच्या अध्यक्ष नंदाताई बौद्धवस्तीच्या तोंडाशीच भेटल्या. "आधी टँकर देवळापाशी हिरीत (विहिरीत) रिकामा व्हायचा. आमच्या वाट्याला गाळ. आता गल्लीगल्लीत टाकी हाय, अन् पहिली पाळी रोज बदलती. आज आमची हाय."

टँकर आला, पण वस्तीच्या वळणावर एक जीप आडवी लागली. वरच्या आळीतले बागायतदार, अण्णा, खाली उतरले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"आधी आमची टाकी भरंल. जनावरं तहानलीत."

"आमची माणसं तहानलीत, अण्णा," नंदाताई म्हणाल्या आणि जीपपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

अण्णांसोबतची दोन माणसं पुढे सरकली. अण्णा माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमी सरकारच्या. सांगा हिला."

"ज्यांची पाळी, त्यांचं पाणी," मी म्हणाले.

ते हसले. "तुमी सांजच्याला जाल. हिला इथंच ऱ्हायचंय."

तेवढ्यात वरच्या आळीतून घागरी घेतलेल्या बाया आल्या. पुढे अण्णांची चुलती होती. "गाडी कावून (का) लावली रे आडवी? आज हिची पाळी मोडली तर उद्या आपली बी मोडंल. काढ!"

मग अण्णांनी मान वळवली आणि जीप मागे घेतली.

दुपारी नंदाताईंच्या घरी भाकरी, ठेचा खाल्ला. मी विचारलं, "आता अण्णा त्रास देतील?"

"देतील की. पण उद्या त्यांच्या आळीची पाळी हाय. त्यांची टाकी मीच भरणार."

साताऱ्याला परतल्यावर बैठकीत सगळ्यांनी सोसायटीला काम देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रत मागितली. ती मी दिली. मग एकाने विचारलं, "आपल्याकडे चालेल हे?"

"चालेल," मी म्हणाले, "पण ज्या दिवशी पहिल्यांदा कुणी पाळी मोडायला येईल, त्या संध्याकाळी आपण तिथून निघायचं नाही."

पहिल्या गावात मुक्कामाला राहायला मी माझं नाव दिलं.