अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आमच्या घराण्यात आहेर असो की संकल्प, आकड्याच्या शेवटी एक लागतोच. सारखे वाटे पडू नयेत, म्हणजे गोष्ट मोडत नाही, अशी समजूत. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, राजाजीनगरच्या घरी नामजपाचा संकल्प सोडला तो ११,११,१११ चा. "अखंड संख्या आहे," जेवताना तो म्हणाला. "कशानेही भाग जात नाही."

"जातो, दोड्डप्पा," माझी मुलगी म्हणाली. मोठ्या काकांना ती कन्नडमधलं हेच नाव वापरते.

तिची बारावी झाली होती. तिला गणितात पदवी करायची होती आणि निवृत्त इंजिनिअर अण्णा तिला इंजिनिअरिंगलाच घालायला निघाला होता. त्याचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

"तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी भागून पाहिलंय मी."

"तेरावर थांबून कसं चालेल? १०५४ पर्यंत बघावं लागतं. पुढच्या आकड्याचा वर्ग हिच्यापेक्षा मोठा होतो."

"मग बघ की! चहा होईपर्यंत. मोबाइल इथे ठेव. नाही जमलं तर सोमवारी मुकाट्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा. सरी? कबूल?"

"अण्णा, पोरीचं शिक्षण पैजेवर लावायचं नाही," मी म्हणालो.

"तू गप्प बस रे!"

"सरी," ती म्हणाली.

वहिनीने एक पाठकोरी लग्नपत्रिका आणून दिली. मला वाटलं, पोरगी आता आकड्यांमागून आकडे घेत बसणार. तसं झालं नाही. "सात एक आहेत ना? म्हणून हिला निःशेष भागणारी कुठलीही मूळ संख्या सातने भागली की बाकी एक उरते. ती विषमही असणार, म्हणजे चौदाने भागूनही एकच." एवढ्याने शेकडो आकडे गळाले. राहिले २९, ४३, ७१, ११३, असे मोजके. एकेक खोडला गेला. २११ ला बाकी १९६ आली.

"दमलीस?" अण्णा हसला. वहिनी चहा गाळत होती.

पुढचा २३९. भागाकार ४६४९, बाकी शून्य.

अण्णाने स्वतः उलटा गुणाकार केला. सात एक नीट उभे राहिले. कागद सरकवत तो म्हणाला, "हुशार आहेस. पण असल्या गोष्टींनी पोट भरत नाही. इंजिनिअरिंगच बघू."

"पैज तूच लावली होतीस," मी म्हणालो. "आणि ऐक. २३९ नेही बाकी उरली असती, तरी ती गणितच शिकली असती. तुला विचारून नाही."

"माझ्या घरात बसून मला सांगतोस?"

"तुझ्या घरात बसूनच."

वहिनीने त्याच्यापुढे कप ठेवला आणि माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. अण्णा चहा न पिताच उठला.

सोमवारी तिने अर्जात विषयाच्या जागी गणित लिहिलं. पालक म्हणून मी सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात.